अक्षर तेच, आजार वेगळा

एका कुटुंबाची कल्पना करू. कुटुंब काल्पनिक आहे, पण अशा कुटुंबांची वर्णने वैद्यकीय वाङ्मयात अनेक ठिकाणी आढळतात. आजीला पस्तिशीत मधुमेह झाला आणि पन्नाशीच्या आत कानाला यंत्र लावावे लागले. तिच्या मुलीला म्हणावी अशी तक्रार नाही. जिना चढताना ती इतरांपेक्षा लवकर दमते, एवढेच. या मुलीचा थोरला मुलगा लहानपणापासून अंगाने किरकोळ, कवायतीत सर्वांच्या मागे राहणारा. चौदाव्या वर्षी एके दिवशी त्याचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, आकडी आली आणि शरीराची एक बाजू काही दिवस लुळी पडली. त्याची धाकटी बहीण मात्र ठणठणीत आहे.

आजी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाते, नातवाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतात, आई कोणाकडेच जात नाही आणि नातीला जाण्याचे कारणच नाही. या चौघांच्या कागदपत्रांत एकाही आजाराचे नाव समान नाही. तरीही चौघांच्या पेशींत डीएनएच्या एकाच ठिकाणचे एकच अक्षर बदललेले असू शकते.

‘जनुकात बदल झाला की अमुक रोग होतो’ असे आपण वर्गात सांगतो. सिकलसेलचे उदाहरण घेतले तर ते बरोबरही असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. दोन्ही बदललेल्या असतील तर आजार, एक बदललेली असेल तर केवळ वाहक, एकही नसेल तर काहीच नाही. शक्यता तीनच. पण वरील कुटुंबाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. तो का चालत नाही आणि त्याऐवजी कोणता हिशेब करावा लागतो, हे या लेखात पाहू.

पेशीतील दुसरा डीएनए

आपल्या पेशीतील बहुतेक सर्व डीएनए केंद्रकात असतो. परंतु थोडासा डीएनए केंद्रकाबाहेर, मायटोकॉन्ड्रियात म्हणजे तंतुकणिकांतही असतो. स्टॉकहोम येथे मार्गिट नास व सिल्व्हन नास यांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो दाखवून दिला. १९८१ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या तंतुकणिकांमधील डीएनएचा संपूर्ण अक्षरक्रम प्रसिद्ध केला. तो अवघा १६,५६९ अक्षरांचा आहे. केंद्रकातील एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो किती लहान आहे ते कळते.

या वर्तुळाकार डीएनएवर फक्त ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुके प्रथिने बनवण्यासाठी लागतात. उरलेली २४ जनुके ही प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रणेसाठी आहेत : २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमच्या आरएनएची. ही १३ प्रथिने श्वसनसाखळीचे भाग आहेत. अन्नातील ऊर्जा एटीपीच्या रूपात आणण्याचे शेवटचे आणि सर्वांत मोठे काम ही साखळी करते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनशिवाय पेशीला एटीपीचे २ रेणू मिळतात. तंतुकणिकांच्या मदतीने ते सुमारे ३० पर्यंत जातात. साखळी मंदावली की पेशी पुन्हा त्या दोनांवर भिस्त ठेवू लागते आणि लॅक्टिक आम्ल साचू लागते.

या डीएनएच्या दोन गोष्टी केंद्रकातील डीएनएहून अगदी वेगळ्या आहेत आणि पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभे आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो आईकडूनच येतो. वडिलांच्या शुक्रपेशीतील तंतुकणिका फलनानंतर नष्ट होतात. दुसरी गोष्ट, त्याच्या प्रती दोन नसतात. एका पेशीत त्या शेकड्यांनी किंवा हजारांनी असतात आणि पक्व अंडपेशीत तर लाखाहून अधिक.

३२४३ वे अक्षर

पक्षाघातासारखे झटके, आकड्या, स्नायूंचा अशक्तपणा आणि रक्तात वाढलेले लॅक्टिक आम्ल अशा लक्षणांचा समूह १९८४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वेगळा ओळखला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘मेलास’ म्हणतात. १९९० साली जपानमधील गोतो, नोनाका आणि होराई यांनी त्याचे कारण शोधून काढले. तंतुकणिकांच्या डीएनएतील ३२४३ व्या स्थानी ‘ए’ हे अक्षर हवे, तेथे या रुग्णांत ‘जी’ होते. मेलासच्या सुमारे ८० टक्के रुग्णांत हाच बदल सापडतो.

दोनच वर्षांनी, १९९२ साली, नेदरलँड्समधील एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबात आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपणा उतरत होता. त्यांना झटके येत नव्हते, स्नायूंचा त्रासही नव्हता. कारण शोधले तेव्हा आढळले ते पुन्हा तेच : ३२४३ व्या स्थानी ‘ए’ च्या जागी ‘जी’.

हे अक्षर ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या एका वाहक आरएनएच्या जनुकात आहे. वाहक आरएनएचे काम म्हणजे संदेशातील तीन अक्षरांचा शब्द वाचणे आणि त्या शब्दाला योग्य ते अमिनो आम्ल जागेवर पोहोचवणे. ज्या अक्षराने तो हा शब्द वाचतो त्यावर पेशी टॉरिन नावाच्या रेणूपासून बनलेला एक लहानसा जोड बसवते. जपानी संशोधकांनी दाखवले की ३२४३ चा बदल झालेल्या आरएनएवर हा जोड नीट बसत नाही, आणि मग काही शब्द वाचताना तो अडखळतो. परिणामी तेराही प्रथिनांच्या निर्मितीत खोट येऊ शकते. म्हणजे एकाच यंत्राचा सुटा भाग बिघडला असे होत नाही. सर्व यंत्रांचे भाग तयार करणारी कार्यशाळाच कमी काम करू लागते.

परंतु यावरून आजी आणि नातू यांच्यातील फरक स्पष्ट होत नाही. बिघाड तर दोघांतही तोच. मग फरक कशाने पडतो? या प्रश्नाचे उत्तर चार लहान प्रश्नांत विभागता येते : किती, कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या परिस्थितीत?

पहिला प्रश्न : किती?

एका पेशीत तंतुकणिकांच्या डीएनएच्या १००० प्रती आहेत असे धरू. त्यांपैकी १०० प्रतींत बदल असेल आणि ९०० प्रती मूळच्या असतील, किंवा ८०० बदललेल्या आणि २०० मूळच्या असतील. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत कोणतेही प्रमाण शक्य आहे. या मिश्र स्थितीला हेटेरोप्लाझ्मी म्हणतात. आपण तिला ‘मिश्रण’ म्हणू. सिकलसेलच्या हिशेबात तीन पायऱ्या होत्या. येथे सलग उतार आहे.

बदललेल्या प्रतींचे प्रमाण वाढत गेले तर पेशीचे काम त्याच प्रमाणात कमी होत जाईल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. १९८९ साली कॅलिफोर्नियात किंग आणि आटार्डी यांनी एक सुंदर पद्धत विकसित केली. त्यांनी प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए पूर्णपणे नाहीसा केला आणि त्या पेशींना दुसऱ्या माणसाच्या तंतुकणिका दिल्या. केंद्रक तेच ठेवून मिश्रण बदलण्याची सोय यामुळे झाली. ३२४३ चा बदल या पद्धतीने तपासला तेव्हा दिसले की दहांपैकी नऊच्या आसपास प्रती बदललेल्या असेपर्यंत पेशी बरीचशी तग धरते; त्यापलीकडे मात्र तिचे श्वसन एकदम कोसळते. याचे कारण असे की तंतुकणिका एकमेकींत मिसळतात, पुन्हा वेगळ्या होतात आणि आतील मालाची देवाणघेवाण करतात. चांगल्या प्रती वाईट प्रतींची उणीव भरून काढतात, पण एका मर्यादेपर्यंतच. या मर्यादेला ‘उंबरठा’ म्हणू.

उंबरठ्याच्या अलीकडे सारे आलबेल असते असेही नाही. फिलाडेल्फियातील डग्लस वॉलेस यांच्या गटाने २०१४ साली अशाच पेशींत केंद्रकातील जनुकांचे वर्तन तपासले. मिश्रण २० ते ३० टक्के, ५० ते ९० टक्के आणि शंभर टक्के अशा टप्प्यांवर केंद्रकातील जनुकांच्या चालू-बंद असण्याची घडी एकदम बदलते, असे त्यांना आढळले. रुग्णांत सामान्यतः कमी प्रमाणाबरोबर मधुमेह आणि मोठ्या प्रमाणाबरोबर मेंदूचे विकार दिसतात, त्याच्याशी हे जुळते. तंतुकणिकांची स्थिती पाहून केंद्रक आपला कारभार बदलते. त्यामुळे लक्षणे केवळ कमीजास्त होत नाहीत, तर वेगळीच होतात.

आणखी स्पष्ट उदाहरण ८९९३ व्या स्थानच्या बदलाचे आहे. येथे ‘टी’ च्या जागी ‘जी’ आले की एटीपी बनवणाऱ्या यंत्राच्या एका भागात बिघाड होतो. बदललेल्या प्रती साधारण ७० ते ९० टक्के असतील तर मोठेपणी चेतांची दुर्बलता, तोल जाणे आणि दृष्टिपटलाचा विकार दिसतो. प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले की तान्हेपणीच मेंदूच्या खोल भागांना इजा करणारा ली-आजार होतो. हा आजार १९५१ साली ब्रिटनमध्ये डेनिस ली यांनी वर्णिला. अक्षर एकच, पण पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने आयुष्याची रेषा बदलते.

दुसरा प्रश्न : कोठे?

दहा मोटारी चालणाऱ्या एका मळ्याची कल्पना करा. त्यात ऊस आहे आणि ज्वारीही. तीन मोटारी बंद पडल्या तर ऊस लगेच माना टाकील, ज्वारीला काही कळणारही नाही. सात बंद पडल्या तर ज्वारीही वाळेल. उंबरठा मोटारींवर ठरत नाही; तो पिकाच्या तहानेवर ठरतो.

शरीरातील ऊस म्हणजे मेंदू, हृदय, स्नायू, दृष्टिपटल, अंतर्कर्णातील पेशी आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी. इन्शुलिन केव्हा सोडायचे हे स्वादुपिंडाची पेशी स्वतःच्या एटीपीच्या प्रमाणावरूनच ओळखते. एटीपी कमी पडला की रक्तात साखर असूनही तिला ‘साखर वाढली’ असे कळत नाही. म्हणून एरवी असंबद्ध वाटणारी मधुमेह आणि बहिरेपणा ही जोडी तंतुकणिकांच्या आजारात एकत्र येते. डॉक्टरांसाठी ही जोडी मोलाची खूण आहे, विशेषतः ती आईच्या बाजूच्या नातलगांत दिसत असेल तर.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच व्यक्तीच्या सर्व अवयवांत मिश्रण सारखे नसते. पेशीविभाजनाच्या वेळी प्रतींची वाटणी मोजूनमापून होत नाही. त्यामुळे एकाच गर्भाच्या एका ऊतीत ७० टक्के, तर दुसरीत ३० टक्के असे होऊ शकते. शिवाय काळानुसारही फरक पडतो. रक्तपेशी सतत नव्याने तयार होतात आणि ३२४३ चा बदल जास्त असलेल्या मूळपेशी त्यात मागे पडतात. परिणामी रक्तातील प्रमाण वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या दराने घटत जाते. न विभागणाऱ्या स्नायूंत आणि मेंदूत ते असे घटत नाही. म्हणून वयस्कर व्यक्तीच्या रक्तात बदल जवळजवळ सापडला नाही, तरी स्नायूंत तो भरपूर असू शकतो. लघवीतून बाहेर पडणाऱ्या पेशींची तपासणी या कामी रक्तापेक्षा अधिक उपयोगी ठरते. आजीच्या रक्ताचा अहवाल ‘निर्दोष’ आला म्हणून शोध थांबवायचा नसतो, तो या कारणाने.

आईकडून किती येते?

आईच्या शरीरात २५ टक्के मिश्रण असेल, तर मुलांतही २५ टक्केच यायला हवे, असे वाटेल. फ्लोरिडातील हाउसवर्थ आणि लायपिस यांनी १९८२ साली होल्स्टाइन गाईंच्या एका मातृवंशाचा डीएनए तपासला. त्यांना असे दिसले की एखादा बदल एकदोन पिढ्यांत पूर्ण नाहीसा होतो किंवा पूर्ण प्रस्थापित होतो. लाखो प्रतींच्या सरमिसळीत इतक्या वेगाने असे घडणे शक्य नाही. म्हणजे मधे कोठेतरी प्रतींची संख्या फार कमी होत असली पाहिजे. पुढे ते खरे ठरले. गर्भावस्थेत ज्या पेशींपासून पुढे अंडपेशी बनतात, त्यांत प्रतींची संख्या लाखावरून हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. उंदरांत ती सुमारे दोनशेपर्यंत उतरते. याला ‘बाटलीचा गळा’ म्हणतात.

हे वर्गात करून पाहता येते. चवळीचे २०० दाणे घ्या. त्यांपैकी ५० दाणे शाईने रंगवून वाळवा आणि सर्व एका पिशवीत मिसळा. ही झाली २५ टक्के मिश्रण असलेली आई. प्रथम एका विद्यार्थ्याने न पाहता १०० दाणे काढावेत, रंगीत मोजावेत आणि परत टाकावेत. असे पाच-सहा वेळा करा. रंगीत दाणे बहुतेक वेळा १९ ते ३१ यांच्या दरम्यान येतील. आता प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता फक्त ८ दाणे काढावेत, रंगीत मोजावेत आणि परत टाकावेत. चाळीस जणांच्या वर्गात साधारण चौघांच्या हाती एकही रंगीत दाणा येणार नाही आणि चार-पाच जणांच्या हाती निम्मे किंवा त्याहून अधिक रंगीत असतील. पिशवी एकच, आई एकच. पण भावंडे किती निराळी!

आपल्या काल्पनिक कुटुंबातील थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांच्यातील फरक मुख्यतः असा पडला. मुलाच्या वाट्याला रंगीत दाणे फार आले, मुलीच्या वाट्याला अगदी थोडे.

या प्रयोगानंतर एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. ‘आईकडून आले’ याचा अर्थ ‘आईमुळे झाले’ असा नाही. आईलाही ते तिच्या आईकडून मिळाले. कोणते दाणे हाती यावेत हे तिने निवडलेले नाही आणि तिला ते माहीतही नव्हते. तिच्या आहारविहाराशी, गरोदरपणातील वागण्याशी याचा संबंध नाही. आपल्याकडे मुलाच्या आजाराचे खापर आईवर फोडण्याची सवय फार जुनी आहे. ‘मातृवंशातून’ हा शास्त्रातील शब्द त्या सवयीला खतपाणी घालण्यासाठी वापरला जाऊ नये, याची काळजी शिकवणाऱ्यानेच घ्यायला हवी.

तिसरा प्रश्न : कोणाबरोबर?

काही बदल असे आहेत की ते शंभर टक्के प्रतींत असतात आणि तरीही सर्वांना आजार होत नाही. तरुण वयात काही आठवड्यांत प्रथम एक डोळा आणि मग दुसरा निकामी होणारा एक आनुवंशिक विकार जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८७१ साली वर्णिला. १९८८ साली वॉलेस आणि सहकाऱ्यांनी तंतुकणिकांच्या डीएनएतील ११७७८ व्या स्थानचा बदल त्याच्या मुळाशी असल्याचे दाखवले. तंतुकणिकांच्या डीएनएतील एका अक्षराच्या बदलाने रोग होतो, याचा हा पहिला पुरावा. पण अशा कुटुंबांच्या जुन्या पाहण्यांत हा बदल असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांची आणि स्त्रियांपैकी दहांत एकीचीच दृष्टी गेलेली आढळली. येथे ‘किती’ हा प्रश्न उरत नाही, कारण सर्वांत शंभर टक्केच आहे. तेव्हा इतर काही कारणे असलीच पाहिजेत.

त्यांपैकी एक कारण म्हणजे केंद्रकातील जनुके. तंतुकणिकेत हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने असतात. त्यांपैकी १३ सोडून बाकी सर्वांची जनुके केंद्रकात आहेत आणि ती आई व वडील दोघांकडून येतात. तंतुकणिका आईची खरी, पण तिचा बहुतेक कामगारवर्ग केंद्रकाकडून येतो. ३२४३ चा बदल असलेल्या कुटुंबांची २०१८ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेली पाहणीही हेच सांगते. तोल जाणे, बौद्धिक क्षमता घटणे अशा लक्षणांतील फरकाचा मोठा भाग केंद्रकातील आनुवंशिक घटकांनी ठरतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

केंद्रकातील जनुकांत थेट बिघाड झाला तरीही तंतुकणिकांचा आजार होतो. ली-आजाराचेच पाहा. तो ८९९३ च्या बदलाने होतो, तसाच इतर पंचाहत्तरहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकातील बिघाडाने होऊ शकतो आणि यांतील बहुतेक जनुके केंद्रकात आहेत. तेथे मेंडेलचे नेहमीचे नियम लागू होतात : आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे एका अक्षरापासून अनेक आजार होतात, तसा अनेक अक्षरांपासून एक आजारही होतो. लक्षणांवरून अक्षर ओळखता येत नाही आणि अक्षरावरून लक्षणे सांगता येत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंनी तपास करावा लागतो.

चौथा प्रश्न : कोणत्या परिस्थितीत?

लेबर-विकाराच्या कुटुंबांत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दृष्टी जाणे आणि धूम्रपान यांचा घट्ट संबंध आढळला. अक्षर बदलता येत नाही. सिगारेट मात्र टाळता येते.

याहून बोलके उदाहरण १५५५ व्या स्थानच्या बदलाचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके जीवाणूंच्या रायबोसोमला चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती बिघडवतात. तंतुकणिकांचे रायबोसोम मूळचे जीवाणूंच्याच कुळातले, पण त्या विशिष्ट जागी ते थोडे निराळे असतात. म्हणून आपण बहुधा बचावतो. १५५५ व्या स्थानी ‘ए’ चे ‘जी’ झाले की ती जागा जीवाणूंच्या जागेसारखी दिसू लागते आणि औषध तेथेही चिकटते. अंतर्कर्णातील नाजूक केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत आणि ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. १९९३ साली काही चिनी कुटुंबे व एक अरब कुटुंब यांच्या अभ्यासातून हे उघड झाले. ब्रिटनमधील मुलांच्या २००९ सालच्या पाहणीत सुमारे पाचशे मुलांमागे एकात हा बदल आढळला. त्यांपैकी बहुतेकांना तो असल्याचे कधी कळणारही नाही, कारण औषधाशी गाठ पडेपर्यंत त्यांना चांगले ऐकू येत असते.

येथे ज्ञानाचा उपयोग सरळ दिसतो. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला प्रतिजैविक तासाभरात द्यावे लागते. जनुकीय तपासणीच्या अहवालासाठी दिवसचे दिवस थांबता येत नाही. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून अर्ध्या तासाच्या आत १५५५ चा बदल ओळखणारी चाचणी रुग्णालयातील खाटेशेजारीच वापरून दाखवली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. बदल सापडल्यास बाळाला दुसरे औषध देता येते आणि त्याचे कान वाचतात.

उलट बाजूचा धडाही आहे. तंतुकणिकांच्या डीएनएच्या प्रती काढणारे विकर केंद्रकातील ‘पोलजी’ या जनुकापासून बनते. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलांना पुष्कळदा आकड्या येतात. आकडीवर नेहमी दिले जाणारे व्हाल्प्रोएट हे औषध इतर हजारो मुलांना उपयोगी पडते, पण या मुलांचे यकृत त्याने निकामी होऊ शकते. म्हणून तंतुकणिकांच्या आजाराचा संशय असेल तर डॉक्टर हे औषध सुरू करण्यापूर्वी या जनुकाचा विचार करतात. अर्थात चालू असलेले कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणे तितकेच धोक्याचे आहे.

हाती काय आहे?

तंतुकणिकांच्या आजारांतून पूर्ण बरे करणारा उपाय अद्याप नाही. पण हात बांधून बसण्याचीही स्थिती नाही. वाहक आरएनएवर टॉरिनचा जोड बसत नाही, हे वर सांगितलेच. या शोधाच्या आधारे जपानमध्ये दहा रुग्णांना टॉरिन मोठ्या मात्रेत देऊन पाहिले गेले. बहुतेकांचे पक्षाघातासारखे झटके घटले आणि २०१९ साली तेथे या उपचाराला मान्यता मिळाली. ज्या स्त्रियांच्या अंडपेशींत बदललेल्या प्रतींचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांच्यासाठी दात्या स्त्रीच्या तंतुकणिका वापरून गर्भ तयार करण्याची पद्धत ब्रिटनने २०१५ साली कायद्याने मान्य केली. न्यूकॅसल येथे या पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती २०२५ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी काहींत आईच्या बदललेल्या प्रती थोड्या प्रमाणात आढळल्या, पण त्या आजाराच्या पातळीपेक्षा बऱ्याच खाली होत्या. या पद्धतीला नैतिक आक्षेप आहेत, आणि त्यांवर अकरावी-बारावीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

बाकी बरेच काही वेळेवर ओळखण्यावर अवलंबून आहे. हृदयाची नियमित तपासणी, साखरेवर लक्ष, कानाचे यंत्र, तापात व उपाशीपोटी घ्यायची काळजी या गोष्टी साध्या आहेत, पण आजार ठाऊक असेल तरच त्या होतात. आणि येथे शाळेचा संबंध येतो. तंतुकणिकांचे आजार एकत्र धरले तर सुमारे पाच हजारांमागे एकात आढळतात. म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या साऱ्या कारकिर्दीत असे एखादेच मूल समोर येईल, किंवा येणारही नाही. रोगनिदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पण मैदानावर दोन फेऱ्यांत थकून बसणारे, मधूनच ऐकू न आल्यासारखे करणारे, सकाळी बरे आणि दुपारी गळून जाणारे मूल ‘आळशी’ ठरवण्यापूर्वी पालकांना एकदा विचारता येईल : ‘याला डॉक्टरांना दाखवले आहे का? आईच्या माहेरी कोणाला लहान वयात मधुमेह, कमी ऐकू येणे असे काही आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर साधेच निघेल : रक्त कमी आहे, झोप कमी आहे, न्याहारी होत नाही. तेही कळले तर बरेच.

राहिला वर्गातील फळ्याचा प्रश्न. ‘एक जनुक, एक लक्षण’ हे सूत्र मेंडेलच्या वाटाण्यांपासून सुरुवात करायला चांगले आहे, पण तेथेच थांबणे योग्य नाही. फळ्यावर ते सूत्र लिहून झाले की त्याखाली चार शब्द लिहावेत : किती, कोठे, कोणाबरोबर, कोणत्या परिस्थितीत. मग चवळीची पिशवी फिरवावी. ज्या विद्यार्थ्याच्या मुठीत आठांपैकी पाच दाणे रंगीत येतील, त्याला वर्गाने काही दोष देऊ नये, आणि ज्याच्या मुठीत एकही येणार नाही, त्याने आपले कर्तृत्व मानू नये.